इंग्रजीचं लिसनिंग: २० पैकी १८ मिळाले, पण ऐकू काय आलं?

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे', 'अॅक्च्युअली' कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं. पूर्ण भाग साधारण १५ मिनिटांचा आहे.)

००:०० – गच्चीवरचा फोन

हेडफोन लावलेत ना? आज ऐकण्यावरच बोलायचंय.

सुरुवात माझ्या फजितीपासून. २०१९ सालची गोष्ट. मी बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि सुट्टीत घरी, चिचगडला आलो होतो. ज्यांना चिचगड माहीत नाही त्यांच्यासाठी: गोंदिया जिल्हा, देवरी तालुका, छत्तीसगडची सीमा जवळ, आजूबाजूला जंगल आणि धानाची शेती. तर एका कंपनीचा फोन राउंड होता. घरात रेंज नाही, म्हणून मी गच्चीच्या कोपऱ्यात उभा.

समोरचा माणूस भरभर बोलत होता. तो म्हणाला, "वॉक मी थ्रू युअर प्रोजेक्ट." मला ऐकू आलं 'वॉक', मग काहीतरी घरंगळलं, आणि शेवटी 'प्रोजेक्ट'. मी काय उत्तर दिलं माहितीये? "नो सर, आय कम बाय बस." (हसतो)

आता हसू येतं. त्या दिवशी नाही आलं. फोन चार मिनिटांत संपला.

गंमत म्हणजे तेच वाक्य कागदावर लिहून दिलं असतं, तर मी व्यवस्थित उत्तर दिलं असतं. आणि दहावीला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत मला २० पैकी १८ होते. त्या २० गुणांत ऐकणं आणि बोलणं दोन्ही येतं. म्हणजे माझ्या गुणपत्रिकेनुसार माझा कान एकदम फर्स्ट क्लास होता.

मग चूक कुठे झाली? हाच आजचा विषय. इंग्रजी ऐकता येतं का, वाचता येतं का, हे तपासायचं कसं? आणि आपण तपासतो ते नक्की काय असतं?

०२:१० – ते २० गुण

माझी दहावी २०१३ ची. तेव्हा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि शाळेच्या हातात २० गुण. माझी तोंडी परीक्षा दोन मिनिटांत झाली. सरांनी नाव विचारलं, वडील काय करतात विचारलं, एक कविता म्हणायला लावली. कविता पाठ होती. १८.

सरांना मी दोष देत नाही. पूर्ण वर्ग, एक दुपार, आणि प्रत्येक पोराचा निकाल म्हणजे शाळेचा निकाल. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: ज्यानं कोड लिहिला, त्याच्या एकट्याच्या टेस्टिंगवर सोडायचं नाही. तो वाईट माणूस असतो म्हणून नव्हे. कोड पास व्हावा ही इच्छा त्याच्या हाताला आपोआप लागलेली असते. शिकवणारेही सर, परीक्षा घेणारेही सर, आणि निकाल लागला नाही तर ऐकून घेणारेही सरच. मग १८ पडणारच.

आता २०१९ मध्ये काय झालं बघा. त्या वर्षीच्या दहावीला भाषांचे शाळेकडचे २० गुण बंद झाले आणि १०० गुणांचा लेखी पेपर आला. राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता, तो २०१९ ला ७७.१० वर आला. आपला नागपूर विभाग तर राज्यात सगळ्यात खाली होता, ६७.२७ टक्के. गदारोळ झाला आणि पुढच्या बॅचपासून २० गुण परत आले. २०२० चा निकाल: ९५.३० टक्के.

आता सगळं त्या २० गुणांमुळेच झालं असं म्हणणं बरोबर नाही. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता. २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला होता. पण विचार करा. ७७ आणि ९५ यांच्यामध्ये एकच वर्ष आहे. एका वर्षात राज्यातल्या पोरांचं भाषेचं ज्ञान इतकं बदलत नाही. बदलतो तो काटा.

०४:२० – आत्याच्या घरी

हा आकडा माझ्यासाठी नुसता बातमीतला नाही. माझ्या आत्याची मुलगी त्याच २०१९ च्या बॅचला होती. (हे तिला विचारून सांगतोय. ती म्हणाली, "सांग, पण नाव नको घेऊ.") मराठी माध्यम, सगळे विषय पास, इंग्रजीत १०० पैकी २२. नापास.

मी सवयीनं हिशोब मांडला. १०० पैकी २२ म्हणजे ८० पैकी साधारण १७.६. त्यात माझ्यासारखे तोंडीचे १८ टाका. होतात ३५.६. पास! म्हणजे एक वर्ष आधी किंवा एक वर्ष नंतर जन्मली असती, तर हीच मुलगी, हीच इंग्रजी घेऊन, गावात पेढे वाटत फिरली असती. आत्यानं तेव्हा दोन दिवस स्वयंपाकघरातून बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पोरीची शाळा इथेच थांबते की काय, अशी घरात कुजबुज सुरू झाली होती.

पण मंडळी, मला जास्त त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. माझ्या १८ नं मला खोटं सांगितलं होतं, हे मला गच्चीवर कळलं. तिच्या २२ नं खरं सांगितलं, पण अर्धवट. 'तुला येत नाही' एवढंच. काय येत नाही, ते नाही. शब्द येत नाहीत? व्याकरण? वाचता येत नाही? सगळेजण तिला एकच सल्ला देत होते: "ग्रामर पक्कं कर."

०६:०० – गुणाकार

इथे थोडी थिअरी. घाबरू नका, एकच सूत्र आहे.

१९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टन्मर या दोन अभ्यासकांनी वाचनाबद्दल एक साधी मांडणी केली. इंग्रजीत तिला 'सिंपल व्ह्यू ऑफ रीडिंग' म्हणतात. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. पहिली: अक्षरांवरून शब्द ओळखणं. दुसरी: ती भाषा कानावर पडली तर समजणं. बेरीज नाही, गुणाकार! म्हणजे दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. दुसरी कितीही चांगली असो.

मराठीत हा पहिला भाग लवकर सुटतो, कारण आपण बहुतेक लिहितो तसंच वाचतो. इंग्रजीत 'नाईट' शब्दात के, जी, एच हे तिघं फुकट बसून असतात.

हे दोन भाग वेगळे मोजता येतात. 'असर'चा २०२३ चा अहवाल घ्या, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींचा, २६ राज्यांतले २८ जिल्हे. इंग्रजीतली साधी वाक्यं वाचू शकणारे ५७.३ टक्के. आणि जे वाचू शकले, त्यांच्यातले अर्थ सांगू शकणारे ७३.५ टक्के. गुणाकार करा: १०० पैकी साधारण ४२ जण वाचूही शकतात आणि अर्थही सांगू शकतात. उरलेले ५८ एकसारखे नाहीत. काहींचं गाडं अक्षरावर अडतं, काहींचं अर्थावर. दोघांना एकच औषध देऊन चालत नाही.

आपल्याकडे धान खरेदी केंद्रावर हे रोज घडतं. काट्यावर पोतं ठेवलं, वजन बरोबर आलं, तरी काम संपत नाही. ओलावा वेगळा मोजतात, १७ टक्क्यांच्या वर असेल तर माल अडतो. वजनाचा काटा ओलावा सांगू शकत नाही. तो काटा खोटा आहे का? नाही. त्याला तो प्रश्न विचारलेलाच नाही.

०८:०० – आम्ही केलेली टेस्ट

मग आम्ही घरीच मोजलं. निकालानंतर जुलैच्या फेरपरीक्षेपर्यंत पाच-सहा आठवडे होते.

मी साधारण सारख्याच अवघड अशा न पाहिलेल्या उताऱ्यांची जुळवाजुळव केली. प्रत्येकावर सहा प्रश्न. प्रश्न मराठीत, उत्तर मराठीत, पर्याय नाहीत. मराठीत का? कारण प्रश्नही इंग्रजीत दिला, तर उत्तर चुकलं तेव्हा उतारा कळला नाही की प्रश्न कळला नाही, हे समजतच नाही. आणि पर्याय दिले तर अंदाजपंचे गुण मिळतात.

पहिला उतारा तिनं स्वतः मनात वाचला. सहापैकी दोन.

दुसरा मी मोठ्यानं वाचला. हळू, आपल्याच उच्चारात. तिच्यासमोर कागद नाही. सहापैकी पाच!

मी बघतच राहिलो. ती मात्र शांतपणे म्हणाली, "दादा, तू वाचला तर समजते. मी वाचली तर नाही समजत. हे मी शाळेत पण सांगितली होती."

मग तिला मोठ्यानं वाचायला लावलं. 'नाईट'ला 'क्निघट'. 'थॉट'ला 'थोउघट'. लांब शब्द आला की पहिली दोन अक्षरं वाचून पुढे उडी. म्हणजे भाषा तिच्या कानात होती. फोनवरून, सिनेमातून, वर्गातल्या बोलण्यातून आलेली. अडचण फक्त अक्षर ते आवाज या पुलावर होती. आणि लेखी परीक्षेत कानानं कमावलेलं काही दाखवायची सोयच नाही.

मग माझी पाळी. वाचून सहापैकी सहा. फोनवर एका परदेशी बाईच्या आवाजात ऐकून सहापैकी दोन. तोच वेग ०.७५ केला, नवा उतारा घेतला, तेव्हा चार.

म्हणजे आम्हा दोघांना विरुद्ध बाजूला भोकं होती. गुणपत्रिकेत ती नापास आणि मी डिस्टिंक्शन. पण गच्चीवर माझ्या जागी ती असती, तर निदान 'बाय बस' तरी म्हणाली नसती.

१०:०० – कान चुकतो कुठे

माझा कान का अडत होता, ते सांगतो, कारण बहुतेक इंजिनिअर मंडळींचं दुखणं हेच असतं.

कागदावर शब्दांमध्ये मोकळी जागा असते. आवाजात नसते. मराठी बोलताना आपण बहुतेक अक्षरांना त्यांचा त्यांचा वाटा देतो. इंग्रजीत ज्या अक्षरावर जोर तेवढं ठळक, बाकीचं गिळून टाकतात. 'कम्फर्टेबल' ऐकायला येतं 'कम्फ्टब्ल'. 'व्हॉट आर यू गोइंग टू डू' चं होतं 'व्हॉचा गॉना डू'. हे सगळे शब्द मला येत होते. फक्त या वेशात कधी भेटले नव्हते.

दुसरी गोष्ट डोक्यातल्या जागेची. एका शब्दावर अडलो की तो उलगडेपर्यंत पुढचे चार निघून जातात. वाचताना डोळा मागे नेता येतो, फोन राउंडमध्ये रिवाइंडचं बटण नसतं. म्हणून वेग कमी केल्यावर समजायला लागलं, तर समजा की शब्दसाठा ठीक आहे, सवय कमी आहे. वेग कमी करूनही काही कळलं नाही, तर मात्र शब्दच वाढवायला हवेत.

११:१५ – चीनमध्ये कसं मोजतात

मला प्रश्न पडला की हे मोठ्या प्रमाणावर, लाखो पोरांसाठी, कुणी नीट मोजतं का? तेव्हा चीनच्या 'गाओकाओ'बद्दल वाचलं. बारावीनंतरची कॉलेज प्रवेशाची परीक्षा, दरवर्षी ७-८ जूनला सुरू होते. देशपातळीवरच्या इंग्रजीच्या पेपरचे १५० गुण. त्यात लिसनिंगचे ३०, वाचनाचे ५०. लिसनिंगमध्ये २० प्रश्न. पहिले पाच छोटे संवाद एकदाच वाजतात, पुढचे लांब तुकडे दोनदा. सगळ्यांसाठी तेच रेकॉर्डिंग, आणि तपासणाऱ्याला पोरगं कोण ते ठाऊक नाही. बीजिंगमध्ये तर २०२१ पासून ऐकणं आणि बोलणं मिळून ५० गुण आहेत, कॉम्प्युटरवर. शेजारच्या दक्षिण कोरियात कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजीचं लिसनिंग चालू असताना देशभर विमानांचं उड्डाण आणि उतरणं थांबवतात, साधारण ३५ मिनिटं! पोरांना नीट ऐकू यावं म्हणून.

हे ऐकून वाटतं, वा, आपल्याकडेही असंच हवं. पण थांबा, त्यातही भोकं आहेत. गाओकाओच्या लिसनिंगला प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय. काहीही न ऐकता डोळे मिटून खुणा केल्या, तरी सरासरी २० पैकी सहा-सात बरोबर येतात. प्रत्येकी दीड गुण, म्हणजे ३० पैकी जवळपास १० फुकट. शिवाय पर्याय इंग्रजीत छापलेले. म्हणजे माझ्या बहिणीसारखी मुलगी, जिचा कान चांगला पण वाचन अडखळतं, ती लिसनिंगमध्येही गुण घालवणार. नाव ऐकण्याच्या परीक्षेचं, आत लपलेली वाचनाची परीक्षा. आणि पेपरमध्ये भरपूर गुण पण तोंडातून वाक्य निघत नाही, या प्रकाराला चिनी लोकांनी नावच ठेवलंय: 'मुकी इंग्रजी'.

मग आपल्याकडे काय करता येईल? विमानं थांबवायची गरज नाही, चिचगडवरून तशीही कुठे जातात. (हसतो) मला वाटतं, एवढं पुरेल: न पाहिलेला छोटा उतारा बंद पाकिटात यावा, दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी तो दोनदा वाचावा, आणि पोरांनी उत्तरं मराठीत लिहावीत. स्पीकर नको, वीज नको, परदेशी उच्चारांचा बाऊ नको. आपल्या भागात कितीतरी पोरांच्या घरी गोंडी किंवा छत्तीसगडी, शाळेत मराठी, फोनवर हिंदी. कागदावर इंग्रजी 'थर्ड लँग्वेज' आहे, त्यांच्यासाठी ती चौथी आहे. अशा पोराला निदान खरा आकडा तरी द्या. १८ गुण दिले की त्याला वाटतं, मला येतं. मग तो गच्चीवर उभा राहतो.

१३:३० – तुम्ही घरी कसं कराल

बोर्ड बदलेल तेव्हा बदलेल. तुमच्याकडे फोन आहे, एक मित्र आहे, एक तास काढा.

एक. सारख्याच पातळीचे चार छोटे तुकडे घ्या, ऑडिओ आणि मजकूर दोन्ही असलेले. बीबीसी लर्निंग इंग्लिशचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' चालेल, त्याचा मजकूर मिळतो. प्रत्येकातला मिनिटभराचा भाग पुरे. प्रश्न मित्रानं काढायचे, मराठीत, पर्यायांशिवाय.

दोन. पहिला तुकडा मनात वाचा. दुसरा मित्राकडून हळू वाचून घ्या. तिसरा मूळ आवाजात दोनदा ऐका. चौथा ०.७५ वेगानं ऐका. प्रत्येक वेळी तुकडा नवा, नाहीतर दुसऱ्यांदा तुम्ही आठवणीनं उत्तर द्याल.

तीन. आकडे शेजारी मांडा. वाचून कमी आणि मित्राकडून ऐकून जास्त? मग अडचण अक्षरांची. वाचून जास्त, मूळ आवाजात कमी, वेग कमी केल्यावर सुधारणा? अडचण कानाच्या सवयीची. चारही ठिकाणी कमी? मग आधी शब्द वाढवा आणि सोपा मजकूर घ्या, त्यात लाज कसली.

इलाजही वेगवेगळे आहेत. बहिणीनं रोज २० मिनिटं ऑडिओ लावून मजकुरावर बोट फिरवलं. 'लाईट, नाईट, राईट' असे एका घरातले शब्द एकत्र लिहिले. मी उलटं केलं: एक मिनिट ऐकायचं, ऐकू आलं तसं लिहायचं, मग मूळ मजकुराशी ताडून बघायचं की कानानं काय गिळलं. पहिल्या आठवड्यात माझी वही लाल शाईनं भरली होती.

चमत्कार झाला नाही. जुलैच्या परीक्षेत तिला ३८ मिळाले. पण ३८ म्हणजे अकरावी, आणि अकरावी म्हणजे शाळा थांबली नाही. मला नोकरी लागायला अजून तीन फोन राउंड लागले. आजही मीटिंगमध्ये मी "सॉरी, कुड यू रिपीट दॅट?" म्हणतो. फरक इतकाच की आता ते विचारायला घाबरत नाही, कारण आपलं कुठे अडतं ते मला माहीत आहे.

तर हा भाग संपल्यावर चार आकडे काढा. वाचून किती, मित्राकडून ऐकून किती, मूळ आवाजात किती, हळू किती. मला पाठवा. आणि घरात कुणी दहावीला असेल, तर त्याला गुण विचारण्याआधी एक उतारा वाचून दाखवा आणि काय समजलं ते विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हेडफोनचा आवाज जरा कमी ठेवा, कान लागणार आहेत!